प्रसूतिवेदना, एपिड्यूरल आणि ‘नको’ म्हणण्याचा अर्थ



तत्त्वज्ञानाच्या माणसानं बाळंतपणावर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटलं असेल. माझ्या पत्नीलाही वाटलं. “तुम्ही काय बोलणार त्यावर?” असं तिनं विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे, पण नावापुढे लावायचा. गोळ्या देणारा नव्हे. (हशा) कळा मी सोसलेल्या नाहीत, सोसणारही नाही. तरी हा विषय मी संयोजकांकडून मागून घेतला. का, ते आधी सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री अकराच्या सुमारास कळा सुरू झाल्या, तिला दवाखान्यात नेलं. पहाटे तीन-साडेतीनला एक सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पेशंटला फार त्रास होतोय. एपिड्यूरल द्यायचं का? द्यायचं असेल तर भूलतज्ज्ञांना आत्ताच फोन करावा लागेल. घरच्यांनी ठरवा.” घरचे म्हणजे कोण? बाकावर जावई होते, विहीणबाई होत्या, माझी पत्नी होती आणि मी. जावई माझ्याकडे बघायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, “आमच्याकडे असलं काही कुणी घेतलं नाही.” आणि ज्यानं सत्तावीस वर्षं बी.ए.च्या मुलांना नीतिशास्त्र शिकवलं, कांटचं स्वायत्ततेचं तत्त्व फळ्यावर लिहून लिहून ज्याचे खडू झिजले, तो मी म्हणालो, “मणक्यात सुई नको. पुढे पाठीचं दुखणं लागतं म्हणतात.” पत्नी गप्प होती. सिस्टर आत गेल्या. सकाळी साडेनऊला नात झाली. आम्ही पेढे वाटले.

पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट जरा अभिमानानंच सांगत असे, की आमच्या मुलीचं सगळं नैसर्गिक झालं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका भूलतज्ज्ञ बाईंना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिचं काय म्हणणं होतं?” मला उत्तर देता येईना. त्या रात्री मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, “म्हणजे बाबा, मला ते मिळू शकत होतं?” तिला ठाऊकच नव्हतं. कळा येत असताना दाराबाहेर तिच्या वतीनं एक प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तरही दिलं गेलं, आणि हे तिला आज कळत होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भाजी फोडणीला टाकायची आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

तर हे कारण. आता विषयाकडे येतो.

आधी ही चीज काय आहे ते पाहू, कारण पाठीबद्दलचं माझं ते वाक्य मी कुठून आणलं होतं हे मलाच माहीत नव्हतं. आपल्या मेंदूवर आणि मज्जारज्जूवर आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं जाड आवरण म्हणजे ड्यूरा. त्याचं पूर्ण नाव ड्यूरा माटर, लॅटिनमध्ये ‘कठीण माता’. अरबी वैद्यांनी या आवरणांना माता म्हटलं होतं, त्याचं मध्ययुगात लॅटिन भाषांतर झालं आणि ते तसंच राहिलं. या आवरणाच्या बाहेर एक पोकळी असते, ती एपिड्यूरल, म्हणजे ड्यूराच्या वरची. कमरेच्या मणक्यांमधून तिथपर्यंत सुई नेतात, सुईतून केसासारखी बारीक नळी सोडतात आणि सुई काढून घेतात. नळी पाठीला चिकटपट्टीनं लावून ठेवतात आणि तिच्यातून थोडं थोडं औषध देत राहतात. गर्भाशयाकडून येणाऱ्या वेदनेच्या वाटा तिथे अडतात. पंधरा-वीस मिनिटांत गुण येतो. बाई शुद्धीत असते, बोलते, पाणी मागते. कळ आलेली कळते, दाब जाणवतो, पण ती जीवघेणी तीव्रता जाते. म्हणून ‘पेनलेस डिलिव्हरी’ हा जो शब्द आपल्याकडे पाट्यांवर लिहितात, तो मला तितकासा पसंत नाही. त्यानं अपेक्षा भलती वाढते. काही जणींना एकाच बाजूला गुण येतो, नळी सरकवावी लागते, क्वचित पुन्हा घालावी लागते.

हे तंत्र काल-परवाचं नाही. कमरेतून एपिड्यूरल देण्याची पद्धत फिदेल पाखेस या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदानं १९२१ मध्ये मांडली. मणक्यात नळी ठेवता येईल अशी टोक वळवलेली सुई १९४०च्या दशकात आली. आज अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये बहुसंख्य बाळंतपणं या पद्धतीनं होतात.

आणि आता माझं ते वाक्य. पाठीचं दुखणं लागतं का? एपिड्यूरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या, त्या सगळ्यांचा एकत्र आढावा कोक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये घेतला. दीर्घकाळच्या पाठदुखीत फरक आढळला नाही. सिझर होण्याचं प्रमाणही वाढत नाही. बाळंतपणानंतर पाठ दुखते हे खरंच आहे, पण ती घेतलेल्यांची दुखते तशी न घेतलेल्यांचीही दुखते. नऊ महिने पुढे वजन, त्यानंतर बाळाला घेऊन वाकून बसणं, रात्रीची जागरणं. आपण मात्र दोष सुईला देतो, कारण सुई आठवते. शिवाय सिझरच्या वेळी मणक्यात जे एकच इंजेक्शन देतात ते वेगळं. आपण दोन्हींना ‘मणक्यातलं इंजेक्शन’ म्हणतो आणि सगळा गोंधळ तिथून होतो. यानंतर ते, म्हणून यामुळे ते, हा तर्कदोष मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. काकतालीय न्याय. कावळा बसला आणि फांदी मोडली.

पण त्रास मुळीच नाहीत असं म्हणणंही खोटं ठरेल. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो सतत मोजावा लागतो. पाय जड होतात, लघवी अडू शकते, अंगाला खाज येते, काही वेळा ताप येतो. शेवटचा टप्पा थोडा लांबतो. पूर्वी जास्त मात्रेची औषधं वापरत तेव्हा चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ अधिक येई. नव्या, कमी मात्रेच्या पद्धतीत तो फरक उरलेला दिसत नाही. साधारण शंभरात एखादीच्या बाबतीत सुई त्या कठीण मातेला भोक पाडते आणि नंतर काही दिवस डोकं भयंकर दुखतं. त्यावर उपाय आहे. मज्जातंतूंना कायमची इजा ही फार फार विरळा. ज्यांना रक्त गोठण्याचा विकार आहे, रक्त पातळ करण्याची औषधं चालू आहेत, किंवा सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग आहे, त्यांना देत नाहीत.

इतकी माहिती पाच मिनिटांत सांगून होते. ही पाच मिनिटं आपल्या गरोदर मुलींच्या वाट्याला का येत नाहीत, हा माझा पहिला प्रश्न आहे.

कारण त्या आता दवाखान्यापासून दूर नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८८.६ टक्के झाला. दोन दशकांच्या आत एवढा बदल. आशाताई घरी येते, लोहाच्या गोळ्या मिळतात, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं, सोनोग्राफी होते. कधी फळं खायची, कुठल्या कुशीवर झोपायचं, सगळं सांगतात. आणि ज्या गोष्टीची तिला मनातून सगळ्यात जास्त भीती असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या देशात गरोदर स्त्रियांना याबद्दल विचारणाऱ्या पाहण्या वेगवेगळ्या रुग्णालयांतून होत असतात, आणि मोठ्या संख्येनं स्त्रिया ‘असं काही असतं हे ऐकलंच नव्हतं’ असं सांगतात, ही गोष्ट त्यांत पुन्हा पुन्हा येते. ज्यांनी ऐकलंय त्या पाठीचं नाव काढतात, बाळाला अपाय होईल म्हणतात, ‘कळा नैसर्गिक आहेत’ म्हणतात, किंवा घरचे ठरवतील म्हणतात.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काम सुरू होतं. अशा पाहणीचं शीर्षक असतं ‘जाणीव आणि दृष्टिकोन’. जणू दोन वेगळ्या वस्तू आहेत, शेजारी शेजारी ठेवलेल्या. पण जाणीव नसेल तर दृष्टिकोन कशाबद्दल? जिनं एपिड्यूरल हा शब्द पहिल्यांदा त्या प्रश्नावलीतच ऐकला, तिनं ‘नको’वर खूण केली तर तो नकार झाला का? माझ्या मते नाही. मला कुणी एखाद्या अनोळखी फळाचं नाव सांगून ‘हवं का?’ विचारलं तर मी ‘नको’ म्हणेन. म्हणजे मला ते आवडत नाही असं नव्हे.

आणि याहून अवघड प्रकार असतो. अमर्त्य सेन एक उदाहरण देतात. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची एक पाहणी झाली. विधुर पुरुषांना विचारलं, तुमची तब्येत कशी आहे? ४८.५ टक्के म्हणाले, बरी नाही किंवा यथातथाच. विधवांना विचारलं. त्यांच्यातल्या अशा तक्रारी किती? २.५ टक्के. आता त्या काळच्या बंगालातल्या विधवा विधुरांपेक्षा वीसपट धडधाकट होत्या असं कोण म्हणेल? त्यांनी तब्येतीची तक्रार ही आपल्या वाट्याची गोष्टच मानली नव्हती. जे मिळणार नाही ते हवंसं वाटणंच मन बंद करतं. आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात, पण त्यात कोल्ह्याची थट्टा आहे. इथे थट्टा करण्यासारखं काही नाही. म्हणून ‘आमच्या बायकांना नकोच असतं हो’ असं कुणी डॉक्टर किंवा सासूबाई म्हणाल्या, की मला सिंगूर आठवतं.

आता ‘कळा नैसर्गिक आहेत, त्या सोसायलाच हव्यात’ या म्हणण्याकडे वळू. हे फक्त आपलंच म्हणणं आहे असं समजू नका. १८४७ साली एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरांनी बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला. बायबलात ईव्हला शाप आहे की तू दुःखानं मुलं प्रसवशील. तेव्हा हा देवाच्या आज्ञेचा भंग आहे असे आक्षेप येणार हे ओळखून सिम्प्सननी त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. त्यांचा युक्तिवाद मोठा गमतीचा आहे. ते म्हणाले, मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना नाही, कष्ट असा आहे. आणि आदमची बरगडी काढताना खुद्द देवानं त्याला गाढ झोपवलं होतं! प्रत्यक्षात धर्मगुरूंपेक्षा डॉक्टरांचाच विरोध जास्त होता, असं इतिहासकार आता म्हणतात. फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज हे नामांकित प्रसूतितज्ज्ञ. त्यांच्या मते प्रसूतिवेदना हे जीवनशक्तीचं हितकारक लक्षण होतं. याच फिलाडेल्फियात पुढे १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांचं मूल गमावलेली ती मुलगी. असो, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

१८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानं आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. देणारे जॉन स्नो. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये पटकीच्या साथीचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढणारे तेच. रुमालावर थोडं थोडं, त्रेपन्न मिनिटं. ‘लॅन्सेट’नं टीका केली. पण राणीनं घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं हळूहळू बंद झाली.

आपल्याकडे ईव्हचा शाप नाही. आपल्याकडे गौरव आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतो ना आपण? शापातून सुटका मागता येते, त्यासाठी सिम्प्सनसारखा कुणी हिब्रूचा अर्थ लावू शकतो. गौरवातून सुटका कशी मागायची? मागणारी बाई कच्ची ठरते. म्हणीबद्दल एक बारीकशी गोष्ट लक्षात घ्या: दगडाला कुणी विचारलेलं नसतं.

आणखी एक गंमत. आपल्या परंपरेत जन्मदुःखाचं वर्णन भरपूर आहे. बुद्धानं दुःखांच्या यादीत जन्म घातला. दासबोधात तिसऱ्या दशकाचा पहिला समास जन्मदुःखनिरूपणाचाच आहे. पण हे दुःख मुख्यतः कुणाचं? गर्भातल्या जिवाचं. तो उकडतो, गुदमरतो, वाट अरुंद, वगैरे. आई येते ती ओघात, कथेतला जीव निराळाच. लिहिणारे सगळे पुरुष आणि बरेचसे विरक्त. त्यांना आपला जन्म आठवणं जमलं, शेजारच्या खोलीतला आवाज ऐकू आला नाही. हे मी रागानं म्हणत नाही. मीही त्या बाकावरच बसलो होतो.

“बाळाचं तोंड पाहिलं की बाई सगळं विसरते.” हेही वाक्य तुम्ही ऐकलं असेल. काही प्रमाणात खरंही आहे. पण विसरली म्हणजे वेदना झाली नाही का? या प्रश्नावर एक प्रयोग इतिहासात खरोखर होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रायबुर्गला क्रोनिश आणि गाउस या डॉक्टरांनी मॉर्फीन आणि स्कोपोलामीन यांचं मिश्रण वापरून एक पद्धत बसवली. तिचं इंग्रजीतलं नाव होतं ट्वायलाइट स्लीप, म्हणजे संधिप्रकाशातली झोप. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या मासिकात तिच्यावर लेख आला आणि सुखवस्तू घरांतल्या, मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांनी ती मिळावी म्हणून चळवळ उभारली. बाई जागी होई ती थेट बाळ हातात घेऊन. काही दुखल्याचं आठवत नसे. पण खोलीत काय चालत असे? बाई किंचाळे, हातपाय झाडी. म्हणून तिचे हात बांधत, डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. वेदना पुष्कळशी तशीच असे. औषधानं पुसली जाई ती आठवण. पुढे बाळांच्या श्वासाचेही प्रश्न दिसले आणि ही पद्धत मागे पडली.

आता सांगा, त्या बाईला वेदना झाली की नाही? मला वाटतं झाली, आणि तेव्हा ती तिथे होती. ‘नंतर विसरते’ हा युक्तिवाद सोसणाऱ्या बाईला उत्तर देत नाही, तो तिच्या जागी उद्याच्या बाईला उभं करून तिला विचारतो. आपणही तेच करतो, फक्त औषधाऐवजी बाळ दाखवून. या ट्वायलाइट स्लीपच्या प्रकरणातला आणखी एक धडा म्हणजे, बायकांनी जे मागितलं त्याबद्दलही त्यांना पुरतं सांगितलेलं नव्हतं. म्हणजे ‘हो’सुद्धा माहितीशिवायचा असू शकतो.

मग याची दुसरी बाजू. औषधाशिवाय बाळंतपण करू पाहणाऱ्या स्त्रिया सगळ्या भोळ्या आहेत का? मुळीच नाही. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरनं १९३०च्या दशकात मांडलं की भीतीनं अंग आखडतं आणि आखडल्यानं जास्त दुखतं. त्यात तथ्य आहे. ओळखीचं माणूस सतत जवळ असेल तर बाळंतपण सोपं जातं, औषधं कमी लागतात, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. आपल्याकडे सरकारी प्रसूतिगृहांत वर्षानुवर्षं आईलाही आत सोडत नसत. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सोबतीणीला जागा मिळाली, ही फार चांगली गोष्ट झाली. वेदनेच्या अभ्यासातलं मोठं नाव म्हणजे कॅनडातले रोनाल्ड मेल्झॅक. त्यांनी प्रसूतिवेदना मोजल्या. बायकाबायकांत प्रचंड फरक आढळला, पहिलटकरणींना सरासरीनं जास्त त्रास, आणि श्वसनाच्या वगैरे प्रशिक्षणानं वेदना थोडी कमी होते पण थोडीच. त्यांनी १९८४ मध्ये लिहिलं की प्रशिक्षण आणि एपिड्यूरल एकमेकांच्या विरोधी नाहीत, पूरक आहेत. एखादीला सगळं कळूनही सोसायचं असेल, तर तो तिचा अधिकार आहे आणि तिला तो अनुभव मोलाचा वाटला तर वाटू द्या. अर्थ तिनं लावलेला असला म्हणजे झालं.

वेदना किती, हे कोण सांगणार? न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे, आणि शब्द कुणाचा? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का, आपल्याकडे हा घोटाळा होतो. (हशा) आप्त म्हणजे ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायन म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. मग कळा येणारी बाई स्वतःच्या वेदनेबाबत आप्त आहे, दुसरं कुणी असूच शकत नाही. आणि प्रसूतिगृहात तिलाच सांगतात, “एवढं काही नाही, ओरडू नको.” बाहेर बसलेले आम्ही आप्तेष्ट, आम्हाला विचारतात.

यावर कायदा काय म्हणतो? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात स्पष्ट केलं. एक प्रौढ स्त्री तपासणीसाठी भुलीखाली होती, त्या वेळी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली. न्यायालयानं म्हटलं, ही संमती चालणार नाही. जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं. प्रौढ माणसाची संमती म्हणजे त्याची स्वतःची. तरीही कॉरिडॉरमधला तो बाक आणि ‘घरच्यांनी ठरवा’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून गेलेलं नाही.

हा केवळ आपला प्रश्न नाही. २०१७च्या ऑगस्टअखेरीस चीनमधल्या शान्शी प्रांतात, युलिन शहरात, कळा देणारी एक तरुण स्त्री पुन्हा पुन्हा प्रसूतिकक्षाबाहेर आली. वेदना असह्य झाल्या होत्या, सिझरची मागणी होती. रुग्णालय म्हणालं, घरच्यांनी नकार दिला. घरचे म्हणाले, डॉक्टरांनी नकार दिला. तिनं खिडकीतून उडी घेतली. चीनभर त्यावर वादळ उठलं, आणि पुढच्या वर्षी तिथल्या आरोग्य आयोगानं निवडक रुग्णालयांत प्रसूतिवेदना कमी करण्याच्या सेवेचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. ‘नाही’ कुणी म्हटलं यावर दोन्ही बाजू भांडत राहिल्या. दोघांपैकी कुणाचंही खरं धरा. ‘हो’ कुणाचं होतं याबद्दल वाद नव्हता.

आपल्याकडेही कळांच्या धास्तीनं सिझर मागणाऱ्या मुली आहेत. खासगी रुग्णालयांतल्या सिझरचा आकडा त्याच २०१९-२१ च्या पाहणीत ४७.४ टक्के आहे. त्याची कारणं पुष्कळ, सगळी धास्तीवर टाकता येणार नाहीत. पण जिच्यापुढे ‘कळा किंवा सिझर’ एवढेच दोन पर्याय ठेवले, तिनं दुसरा निवडला तर नवल काय?

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती माझ्या भूलतज्ज्ञ शेजारणीनंच सांगितली. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. सिझरला येऊन तासाभरात मोकळे होतात. एपिड्यूरलला बाळ होईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं, तेही अवेळी. सरकारी ठिकाणी एकच भूलतज्ज्ञ, आणि ते शस्त्रक्रियेत अडकलेले. काही हजारांचा वेगळा खर्च. तेव्हा माहिती दिली म्हणजे सोय झाली असं नाही. पण मागणीच नसेल तर सोय कोण करणार? फ्रान्समध्ये १९९४ पासून हा खर्च सामाजिक विम्यातून मिळू लागला. सिमोन वेल तेव्हा आरोग्यमंत्री होत्या.

प्रश्नांसाठी थांबतो.

(श्रोत्यांमधून: “आम्ही तिघं-चौघं मुलं काढली सर, काही न घेता. आम्ही मूर्ख होतो का?”)

नाही ताई. तुमच्या पिढीत तो पर्यायच नव्हता, आणि बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असं म्हणत ते वेदनेमुळे नव्हे, बाई जायची म्हणून. तुम्ही त्यातून निभावून आलात. तुमचं सोसणं खोटं ठरवून मला काही मिळवायचं नाही. पण तुम्हाला एक विचारू? तुमच्या वेळी कुणी विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?

(श्रोत्यांमधून: “…घेतलं असतं. पहिल्याला तरी.”)

(श्रोत्यांमधून: “आधी ‘काही झालं तरी घेणार नाही’ म्हणाली आणि ऐन कळांत मागितलं, तर कुठलं ऐकायचं?”)

उत्तम प्रश्न. ओडिसियसनं स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं आणि खलाशांना सांगितलं होतं, मी कितीही विनवण्या केल्या तरी सोडू नका. काहींना वाटतं इथेही तसंच करावं. मला तसं वाटत नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ‘नाही’ म्हणते तेव्हा कळ म्हणजे काय हे तिला ठाऊक नसतं. एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ मध्ये याच प्रकारच्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं एक मुख्य उदाहरण मूल होणं हेच आहे. अनुभव घेतल्याशिवाय तो कसा हे कळत नाही. मग ज्या बाईला आता कळलंय, तिचं ऐका. मात्र तिला धोके-फायदे आधीच, शांतपणे सांगितलेले असावेत. दोन कळांच्या मधल्या दोन मिनिटांत कुणी फॉर्म वाचू शकत नाही. आणि उशीर झाला म्हणून सहसा नाही म्हणू नये. चार सेंटिमीटर होईपर्यंत थांबायलाच हवं हा जुना नियम आता मानत नाहीत. बाळ अगदी बाहेर येण्याच्या बेतात असेल तर गोष्ट वेगळी.

(श्रोत्यांमधून: “सर, माझ्या बायकोला आठवा लागलाय. मी काय करू?”)

आज घरी जाऊन तिला हे सगळं सांगा, आणि तिला काय हवं ते विचारा. लगेच उत्तर देऊ नकोस म्हणावं. तिच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत दोघं मिळून विचारा: तुमच्याकडे एपिड्यूरल देतात का, भूलतज्ज्ञ रात्री-बेरात्री येतात का, किती खर्च येतो, नंतर लक्ष कोण ठेवतं, आणि आत तिच्याजवळ कुणाला थांबता येईल? उत्तरं कागदावर लिहून घ्या. आणि त्या रात्री सिस्टर बाहेर येऊन ‘घरच्यांनी ठरवा’ म्हणाल्या, तर त्यांना म्हणा, आत जाऊन तिलाच विचारा, मी येतो तुमच्याबरोबर.